पिनांगला एकटीने एकच दिवस: टेकडी की जुनं शहर? आणि शाकाहारी पोटाचं काय?

शेवंती५४

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात भाचीकडे क्वालालंपूरला चालले आहे. तिला मधे सुट्टी नाही, म्हणून दोन दिवस एकटीनेच मलेशियातल्याच पिनांग बेटावर जाऊन यायचं ठरवलंय. रेल्वेने बटरवर्थ, तिथून फेरीबोटीने जॉर्जटाउन, म्हणजे बेटावरचं मुख्य शहर. पहिल्या दिवशी पोचेपर्यंत संध्याकाळ होणार, तेव्हा हातात अख्खा दिवस एकच. एकटी फिरायची आयुष्यातली पहिलीच वेळ (वय नावात आलंच आहे).

पिनांग हिल, केक लोक सी देऊळ, जुनं शहर, भिंतींवरची चित्रं, खू कोंग्सी आणि पाण्यावरची घरं, एवढी यादी झाली आहे. एका दिवसात जमेल? अंडं चालतं, मासे-मटण नाही. उजवा गुडघा कुरकुरतो. तिथे लोक म्हणे खायलाच जातात. मग मी काय लिट्ल इंडियात इडली खाऊन परत येऊ?

पायाला_भिंगरी

सगळं होतं. सकाळी उजाडताच हिल, तिथून देऊळ, दुपारी खू कोंग्सी, संध्याकाळी चित्रं, सूर्यास्ताला पाण्यावरची घरं. मी केलंय. पाणी भरपूर प्या.

जायफळ

भिंगरीताईंनी केलं असेल, त्यांच्या पायांना नमस्कार. शेवंतीताई, तुम्ही करू नका.

मी गेल्या वर्षी तिथे चार दिवस एकटी होते. पहिल्या दिवशी असंच सगळं करायला गेले आणि दुपारी दोन वाजता एका फुटपाथवर चप्पल काढून बसले. तिसरा दिवस जमला, तो सांगते.

पहिलं म्हणजे हिल सोडा. वर नेणारी फनिक्युलर, म्हणजे डोंगर चढणारी गाडी, छान आहे, पण वर ढग उतरले तर धुकं बघायला रांग लावल्यासारखं होतं. केक लोक सी धरा.

सकाळी साडेसातला चू जेट्टी. चू आडनावाच्या चिनी कुटुंबांची लाकडी खांबांवरची वस्ती. दुपारी तिथे टी-शर्टांची जत्रा असते, सकाळी मात्र ती साधी गल्ली असते, फक्त खाली जमीन नाही. फळ्यांच्या फटींतून ओहोटीचा चिखल दिसतो. एका दारात लाल देव्हारा, त्यात उदबत्त्या खोचलेला पत्र्याचा डबा, दोन संत्री, आणि त्यालाच टेकवून ठेवलेलं गॅसचं सिलिंडर. लोक राहतात तिथे, तेव्हा दारातून आत मोबाइल धरायचा नाही. तशा पाट्याही आहेत.

मग नाश्ता, कोपीतियाममध्ये. म्हणजे जुन्या पद्धतीचं कॉफीचं हॉटेल. एकटीची खरी अडचण इथे कळते. ठेल्यावर जाऊन पदार्थ सांगायचा, टेबल दाखवायचं, पेय मात्र हॉटेलवाला टेबलाशी येऊन विचारतो. तुम्ही ठेल्यावर गेलात की टेबल जातं, टेबल धरून बसलात की खाणं येत नाही. मी सरळ एका म्हाताऱ्या बाईंच्या समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं, त्यांनी मान हलवली. त्यानंतर मी रिकामं टेबल शोधलंच नाही.

नुसतं 'कोपी' म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली येते. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची पण गोड. 'कोपी-ओ कोसोंग' म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची. कोसोंग म्हणजे रिकामं. सोबत काया टोस्ट घ्या. नारळाचं दूध, अंडं, साखर आणि पांदानची सुवासिक पानं यांचा तो जाम. खरवसाला नारळाचा वास आला तर जसं लागेल तसं.

तिथून चालत आर्मेनियन स्ट्रीट. भिंतीवरच्या चित्रांतलं सायकलवरच्या दोन मुलांचं प्रसिद्ध चित्र २०१२ सालचं, सायकल खरी, भिंतीला ठोकलेली. तिथे फोटोची रांग असते. मीही उभी राहिले. मागच्या कुटुंबाने माझा फोटो काढून दिला, त्यात सायकल पूर्ण आहे, मी गळ्यापर्यंत आहे.

खू कोंग्सीला मात्र तासभर द्या. खू कुळाचं देऊळ-सभागृह. आधीची इमारत १९०१ साली जळाली. ती इतकी थाटाची झाली होती की देवांचाच कोप झाला, असं सांगतात. मग १९०६ मध्ये ही बांधली, जरा आवरतं घेऊन म्हणे! छतावरच्या मूर्ती बघताना मान दुखली तेव्हा वाटलं, आवरतं घेतलं ते बरंच झालं.

गुडघ्यासाठी महत्त्वाचं: जुन्या घरांपुढे झाकलेला ओटा असतो. त्याला मलायमध्ये 'काकी लिमा' म्हणतात. काकी म्हणजे पाऊल, लिमा म्हणजे पाच, पाच फुटी वाट. उन्हा-पावसात चालायला उत्तम, पण प्रत्येक घराचा ओटा वेगळ्या उंचीवर, मधे स्कूटर, मधे कुंड्या. दर वीस पावलांना चढ-उतार. माझा गुडघा धड आहे तरी मला ते जाणवलं. पंचवीस घरं चाला, मग बसा.

बसायला कारण म्हणून पेनांग रोडलगतच्या लेबूह केंग क्वी गल्लीत चेंडोल. बर्फ, नारळाचं दूध, ताडगुळाचा पाक, हिरव्या शेवया आणि राजमा. हो, राजमा. पहिल्या चमच्याला मी तो बाजूला काढला, चौथ्याला शोधून खाल्ला. आणि जायफळाचं सरबत! बी नाही, बाहेरच्या फळाच्या गराचं. कोकणात त्याच्या सालीचं लोणचं खाल्लं असेल तर ओळख पटेल. माझं नाव तिथूनच आलंय.

लिट्ल इंडियात इडली नको, पुतू मायाम खा. तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि गूळसाखर. आपल्या शिरवाळ्याच, फक्त रस नाही.

आता शाकाहार. 'नो मीट' म्हटलं की समोरचा आनंदाने कोळंबी घालतो. सुकी कोळंबी आंबवून केलेलं 'बलाचान' चटणीत असतं, पालेभाजीतही असतं. एका ठेल्यावर 'व्हेजिटेबल लाक्सा' (लाक्सा म्हणजे रश्शातल्या शेवया) ऐकून मी वाडगा घेतला, अर्धा संपल्यावर तळाशी माशाचे तुकडे लागले. चूक माझी, रशात काय आहे ते विचारलंच नव्हतं. त्यानंतर एवढं पाठ केलं: 'साया ताक माकान दागिंग, इकान, उदांग.' मी मांस, मासे, कोळंबी खात नाही. याउपर 'ताक माऊ बलाचान', म्हणजे बलाचान नको. बौद्ध शाकाहारी ठेलेही आहेत, तिथे नकली बदक, नकली मासा सगळं मिळतं, पण कांदा-लसूण बहुधा नसतो. आपल्याला ते उपासाचं वाटतं.

दुपारी तीनला शहरातल्या कोमतार बसस्थानकाहून २०४ नंबरची बस, आयेर इतामला उतरा. सुटे पैसे ठेवा, ड्रायव्हर परत देत नाहीत. दोन रिंगिटांच्या प्रवासाला मी दहाची नोट टाकली आणि उरलेल्या वाटेत गप्प बसले. केक लोक सीला कासवांच्या तळ्यावरून बऱ्याच पायऱ्या आहेत, टॅक्सीने वरच्या दारापर्यंत गेलात तर त्या वाचतात. सात मजली पॅगोडा १९३० साली पुरा झाला: तळ चिनी, मध्य थाई, शेंडा ब्रह्मदेशी. पलीकडे कुआन यिन देवीची तीस मीटर उंच ब्राँझची मूर्ती, तिथवर जायला तिरकी लिफ्ट आहे. गुडघ्याला सुट्टी.

रात्री चुलिया स्ट्रीटवरचे ठेले. मी साडेदहापर्यंत एकटी फिरले, कोणी ढुंकून पाहिलं नाही. एकटीचं पोट एकच असतं, हाच काय तो तोटा. तीन पदार्थांवर माझा खेळ संपायचा.

मोडी_लिपी

जायफळताई, सुंदर. एक भर. आयेर इताम या शब्दांचा अर्थच 'काळं पाणी'. नावाचा शिक्षेशी संबंध नाही, पण योगायोग असा की पिनांग हे हिंदुस्थानी कैद्यांचं खरोखरच काळं पाणी होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कंपनी सरकार कैदी तिकडे धाडत होतं. जुन्या शहरातलं सेंट जॉर्ज चर्च (१८१८) याच कैद्यांच्या हातचं. आराखडा रॉबर्ट स्मिथ नावाच्या कॅप्टनचा. हाच गृहस्थ पुढे दिल्लीला गेला आणि कुतुबमिनारावर त्याने एक छत्री चढवली. ती लोकांना इतकी खटकली की १८४८ मध्ये उतरवून खाली बागेत ठेवली. अजून तिथेच आहे. पिनांगचं चर्च मात्र शोभतं. रस्ता तोच पकडा, पुढे कुआन यिनचं देऊळ, १८३३ चं मारिअम्मनचं देऊळ आणि कपितान केलिंग मशीद चालत येतात.

तिरफळ

शाकाहाऱ्यांनी हा प्रतिसाद गाळावा. आसाम लाक्सा म्हणजे बांगड्याचा आंबट रस्सा आणि तांदळाच्या जाड शेवया. बांगडा अगदी आपलाच. आंबटपणाला चिंच आणि 'आसाम केपिंग' नावाच्या सुक्या चकत्या, ते फळ कोकमाचं चुलतभावंड. वर पुदिना, अननस, आल्याच्या जातीचं एक गुलाबी फूल. तिरफळाची उणीव मला पहिल्या घोटाला भासली, दुसऱ्याला नाही. जायफळताईंनी चुकून अर्धा वाडगा खाल्ला, त्यांनी खरं सांगावं.

जायफळ

चव चांगली होती. याहून जास्त बोलणार नाही.

शेवंती५४

मंडळी, जाऊन आले! हिल सोडली. जेट्टीवर पावणेआठला होते, एक आजोबा फळीवर बसून दाढी करत होते, मी मागे वळले आणि त्यांची आटोपेपर्यंत थांबले. 'कोपी-ओ कोसोंग' बरोबर म्हटलं, आली मात्र गोड. पुतू मायाम दोनदा खाल्लं. मोडीबुवांच्या चर्चपाशी पाऊस आला, अर्धा तास खांबांच्या आड उभी होते. गुडघ्याने काकी लिमावर बाराव्या घरालाच हात टेकले, पंचवीस कसली.

जायफळताई, वाळवलेलं जायफळ दोन पाकिटं आणलंय. पाकिटावर काही कळेना. हे तसंच चघळायचं, की पाण्यात घालायचं?

जायफळ

चघळायचं. आधी छोटा तुकडा घ्या, एकदम मोठा नको.