किशोरवयातले वैराग्य आणि ॲना फ्रॉइड : आजार, बचाव की वाढ?

रानजाई

नमस्कार. माझा मुलगा साडेचौदा वर्षांचा असून नववीत शिकतो. गेल्या दिवाळीपासून त्याने गोड खाणे सोडले आहे. फराळाच्या ताटातला एक लाडूसुद्धा त्याने उचलला नाही. गादी असताना तो सतरंजीवर झोपतो, ऐन थंडीतही गार पाण्याने अंघोळ करतो आणि मित्रांबरोबर सिनेमाला जाणे टाळतो. त्याच वेळी रात्री जेवताना फाशीची शिक्षा असावी की नसावी, देव असेल तर जगात दुःख का, अशा विषयांवर तो तासतासभर बोलतो, आणि खरोखर चांगले बोलतो. मात्र समतेवरचे व्याख्यान संपले की पाण्याचा तांब्या धाकट्या बहिणीनेच आणून द्यावा अशी त्याची अपेक्षा असते, आणि ओला टॉवेल पलंगावर तसाच पडलेला असतो.

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणाची तोंडओळख झाली होती, पण तिथे सगळा भर पहिल्या पाच-सहा वर्षांवर होता. बारा वर्षांपुढचे सगळे आयुष्य एका परिच्छेदात आटोपले होते. या वयाबद्दल मनोविश्लेषणाचे नेमके म्हणणे काय आहे? हे वैराग्य आजाराचे लक्षण समजावे का? त्याचे वडील त्याला 'स्वामीजी' म्हणून चिडवतात. ते मला खटकते, पण का खटकते हे नीट सांगता येत नाही.

उंबरठा

रानजाईताई, तुमचे वर्णन मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या 1936 सालच्या पुस्तकातल्या पानांशी इतके जुळते की मी ते पुस्तक पुन्हा काढून बसलो. अहम् (इच्छा आणि वास्तव यांचा मेळ घालणारा मनाचा भाग) आणि त्याच्या संरक्षण यंत्रणा (न पेलणाऱ्या इच्छा दूर ठेवण्याच्या मनाच्या युक्त्या) यांवरचे हे पुस्तक त्यांनी वडिलांना, म्हणजे सिग्मंड फ्रॉइड यांना, ऐंशीव्या वाढदिवसाची भेट म्हणून दिले होते. त्याच्या शेवटाकडची दोन प्रकरणे पौगंडावस्थेवर आहेत. मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी ॲना काही वर्षे व्हिएन्नात शाळेत शिकवत होत्या, आणि ते या पानांत जाणवते.

त्यांचा युक्तिवाद असा आहे. पाच-सहा वर्षांनंतर सहजप्रेरणांचा, म्हणजे जन्मजात शारीरिक ओढींचा, जोर काही काळ ओसरतो. या सुप्तावस्थेत मुलाच्या अहम्‌ला बस्तान बसवायला सवड मिळते. शाळा, खेळांचे नियम, मित्र, छंद हे सारे याच काळात रुजते. मग शरीर बदलू लागते आणि प्रेरणांचा पूर येतो. अहम् घाबरतो तो एखाद्या विशिष्ट इच्छेला नव्हे, तर त्या पुराच्या आकारालाच. एरवीच्या दमनात निवड असते, म्हणजे एक इच्छा दाबली जाते, दुसरीला वाट मिळते आणि दाबलेलीसाठीही काहीतरी पर्याय शोधला जातो. किशोरवयातल्या वैराग्यात अशी निवड नसते. सुरुवात लैंगिक इच्छांपासून होते, पण बंदी पसरत पसरत जेवण, झोप, ऊब, कपडे, करमणूक अशा निरुपद्रवी सुखांपर्यंत पोहोचते. लाडू, गादी आणि गरम पाणी हे तुम्हाला तीन वेगळे हट्ट वाटत असतील, पण या दृष्टीने ती एकच तटबंदी आहे. ॲना यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: असा मुलगा एखाद्या दिवशी एकाएकी दुसऱ्या टोकाला जातो आणि निषिद्ध मानलेले सगळे उपभोगू लागतो. त्यामुळे एका सकाळी लाडवांचा डबा रिकामा दिसला तर ढोंग उघडे पडले असे कृपया म्हणू नका.

जेवणाच्या पाटावरच्या चर्चांना त्यांनी बौद्धिकीकरण म्हटले आहे. जी ओढाताण आतून सोसवत नाही, ती मुलगा विचारांच्या भाषेत नेतो आणि तिथे तिच्याशी झुंजतो. स्वातंत्र्य की शिस्त, बंड की शरणागती हे प्रश्न जगाचे असतातच, पण ते त्याच वेळी त्याचे स्वतःचेही असतात. त्या चर्चेचे काम विचार हाताशी ठेवून प्रेरणांवर पहारा करणे हे असल्यामुळे तिचा वागणुकीवर परिणाम होईलच असे नाही. उदात्त मते मांडणारा मुलगा जवळच्या माणसांशी कमालीचा बेपर्वा वागतो, ही विसंगती ॲना यांनीही टिपली आहे. तुमच्या घरातला तांब्या आणि टॉवेल यांचे उत्तर तिथे मिळते.

मनोविश्लेषक पीटर ब्लॉस यांनी 1967 साली मांडलेला विचारही इथे उपयोगी पडेल. लहान मुलांचा अभ्यास करणाऱ्या मनोविश्लेषक मार्गारेट माहलर यांच्या मते मूल पहिल्या तीनेक वर्षांत आईपासून वेगळे होते, कारण आईची प्रतिमा त्याने मनात साठवलेली असते. ब्लॉस म्हणतात की किशोरवयात दुसऱ्यांदा वेगळे व्हावे लागते, आणि या वेळी मनात साठवलेल्या त्या आईवडिलांचीच पकड सैल करायची असते. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1905 मध्येच आईवडिलांच्या अधिकारापासून सुटण्याला या काळातली अत्यंत महत्त्वाची आणि अत्यंत क्लेशदायक कामगिरी म्हटले होते. तुमच्या मुलाने नाकारलेले लाडू आणि अंथरूण बहुधा तुमच्याच हातचे आहे. हा माझा तर्क आहे, पण मला तो दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही.

जुना वाचक

उंबरठा यांचे विवेचन चांगले आहे, परंतु एक खोट दाखवणे भाग आहे. हा सिद्धांत मुख्यतः उपचारांसाठी आलेल्या मुलांवरून रचलेला आहे. 1958 च्या निबंधात ॲना फ्रॉइड इतक्या पुढे गेल्या की, या वयात मनाचा तोल शांतपणे टिकून राहणे हेच अस्वाभाविक, असे त्यांनी लिहिले. स्वतः मनोविश्लेषणात मुरलेल्या डॅनियल ऑफर यांनी शिकागोच्या उपनगरांतल्या सर्वसाधारण शाळकरी मुलांचा अभ्यास 1969 साली प्रसिद्ध केला, तेव्हा बहुतेक मुले मोठ्या वादळाविना वाढताना दिसली. इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांविषयी बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये लिहिले, त्यातही आतल्या आत खिन्न वाटणे बऱ्याच जणांत आढळले, पण आईवडिलांशी पुरती तुटलेली मुले थोडीच होती. म्हणजे यंत्रणेचे वर्णन अचूक असले तरी ती सर्वांनाच लागू करणे चूक ठरेल.

दुसरे असे की व्हिएन्नातल्या मुलाचे वैराग्य त्याच्या घरच्यांना विचित्र वाटत असेल. आपल्याकडे त्याला तयार वेश मिळतो. 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळालेल्या नारायणाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिच्यात कुणालाही रोग दिसत नाही. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी 1978 च्या पुस्तकात भारतीय बालपणाचे मनोविश्लेषण करताना आपल्या आश्रमव्यवस्थेची मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी मांडलेल्या मानसिक विकासाच्या टप्प्यांशी तुलना केली आहे. त्या व्यवस्थेत ब्रह्मचर्य हा विद्यार्थ्याचा धर्म आहे. तेव्हा मुलाने हे सारे एकट्याने रचले की संस्कृतीने पुढे केलेले उचलले, हा प्रश्न खुला ठेवावा.

कोरा कागद

मी शाळेत समुपदेशनाचे काम करते, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहिते. गोड सोडणे आणि जेवण सोडणे यांत फरक आहे. वजन उतरत असेल, भाकरी-भातही कमी होत असेल, अभ्यास किंवा शाळा सुटत असेल, मित्रांशी पूर्ण अबोला असेल, तो स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाविषयी बोलत असेल, तर सिद्धांत बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना लगेच भेटावे.

रानजाई

मनापासून आभार. वजन कमी झालेले नाही, उलट उंची वाढली आहे; जेवणही दोन्ही वेळा नीट होते. शाळेतूनही तक्रार नाही. आता एवढेच विचारते की त्याच्या या नियमांशी आम्ही वाद घालावा की सगळे मुकाट्याने चालू द्यावे? आणि 'स्वामीजी'चे काय करावे?

उंबरठा

जुना वाचक यांचा आक्षेप मला मान्य आहे. मी 'प्रत्येक मुलगा' म्हटले नव्हते, पण लेखनाचा सूर तसा झाला खरा.

ताई, तुमच्या प्रश्नाला बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनल्ड विनिकॉट यांचे उत्तर मला पटते. त्यांच्या मते मुले मोठी होत असताना मोठ्यांनी आपली जागा सोडून देऊ नये. समोर ठामपणे उभे राहावे, पण त्या उभे राहण्यात सूड नसावा. 'स्वामीजी' या थट्टेत थोडा सूड आहे, आणि तुम्हाला तेच खटकत असावे. मुलगा ज्या तटाच्या आधाराने उभा आहे, त्यावरच ती थट्टा दगड मारते. त्याच्या वडिलांनी तिच्याऐवजी फाशीच्या शिक्षेवर त्याच्याशी खरा, मुद्देसूद वाद घालावा आणि हरायची वेळ आली तर हरावे. गार पाणी आणि सतरंजी यांत पडू नका. तांब्या आणि टॉवेल यांत मात्र पडा, कारण ते त्याचे व्रत नसून बहिणीवर लादलेले काम आहे. लाडू पुढच्या दिवाळीतही त्याच्या वाट्याचे करून ठेवा; खाल्ले की नाही, हे मात्र विचारू नका.