हब गिअर दर वर्षी उघडायचा, की तेल पाजून गप्प बसायचं?

तीनगिअर:
मागच्या हबातच गिअर असलेल्या सायकलींबद्दल एक सल्ला आपल्याकडे डोळे झाकून दिला जातो. पावसाळा तोंडावर आला की हब खोला, घासलेटने धुवा, ग्रीस ठासा, बंद करा. साध्या हबाला हे ठीक आहे. गिअरच्या हबाला तेच करणं म्हणजे धडधाकट माणसाला ऑपरेशन टेबलावर घेणं.

मी बोलतोय मुख्यतः स्टर्मी-आर्चर कंपनीच्या एडब्ल्यू या तीन गिअरच्या हबाबद्दल. १९३६ पासूनचा हब, जुन्या विलायती रॅलेवर हमखास सापडणारा. आत आसावरच कोरलेलं २० दात्यांचं चाक, त्याभोवती फिरणारी २० दात्यांची चार चाकं आणि बाहेरून ६० दात्यांची कडी. तिन्ही गिअर एवढ्यातूनच निघतात: पहिला पाऊणपट, दुसरा थेट, तिसरा १.३३ पट. यातले दाते सहसा झिजत नाहीत. बिघडतात ते कोन (छर्रे ज्यावर फिरतात ते शंकू), क्लच आणि पॉल, म्हणजे आतले खटके. खटक्यामागची स्प्रिंग अगदी बारीक तारेची असते. तिथे जाड ग्रीस गेलं की खटका वर उसळत नाही, चिकटून बसतो आणि पायडल मारल्यावर घसरतो. म्हणजे 'सर्व्हिसिंग'मुळेच हब घसरायला लागतो.

याला लागतं काय? शेलवरचं, म्हणजे हबाच्या कवचावरचं, छोटं झाकण उघडायचं, महिन्याला अर्धा चमचा पातळ तेल सोडायचं. कोरडा पडला असेल तर पहिल्या वेळी पूर्ण चमचा. मोटारसायकलचं २०डब्ल्यू-४० चालतं. शिवणयंत्राचं नको, ते फार लवकर निघून जातं. खाद्यतेल तर नकोच, त्याचा आत डिंक होतो.

आणि गिअर घसरला की आधी केबल बघा, हब नव्हे. शिफ्टर दुसऱ्यावर ठेवा, पायडल थोडं पुढे-मागे करा, मग उजव्या नटाच्या भोकातून पाहा. केबलला जोडलेली बारीक साखळी आसात जाते, तिच्या काडीचा शेवट आसाच्या टोकाशी सपाट दिसला पाहिजे. काडी आधी पूर्ण पिळून बसवायची आणि केबलच्या रेषेत येण्यापुरती, फार तर अर्धा फेरा, मागे घ्यायची. जुन्या एडब्ल्यूत दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये एक मोकळा टप्पा असतो, तिथे पायडल रिकामं फिरतं. उभं राहून जोर लावताना हे झालं तर दांडीवर आपटायची वेळ येते. 'हब गेला' म्हणून येणाऱ्या बऱ्याच सायकलींना एवढंच झालेलं असतं.

छर्रा_मोजा:
मालक, तेलाचं झाकण असलेल्या एका हबावरून नियम काढलात आणि सगळ्यांना लावलात. शिमानोच्या नेक्सस आठ गिअरला तेल सोडायला भोकच नाही. त्यात तुमचं अर्धा चमचा तेल सोडणार कुठून?

कंपनीचंच म्हणणं आहे की पहिले १००० किमी झाल्यावर, आणि पुढे दर दोन वर्षांनी किंवा ५००० किमीला आतला संच बाहेर काढून तेलात बुडवावा. कामही अवघड नाही. चाक काढा, केबल अडकते ती कॅसेट जॉइंट उतरवा, स्प्रॉकेटची (चेन बसते त्या दातेचाकाची) रिंग पेचकसाने उचकटून स्प्रॉकेट आणि धूळझाकण काढा, डावीकडचा लॉकनट-कोन सोडा, अख्खा संच उजवीकडून ओढून घ्या. सुटे भाग खोलत बसायचं नाही. संच आहे तसाच तेलात दीड मिनिट, मग मिनिटभर निथळत. शेलमधल्या छर्‍यांच्या वाटा पुसून नवीन ग्रीस आणि उलट्या क्रमाने परत. संच घासलेटात धुऊन कोरडाच बसवणं ही मात्र खरी चूक, तिथे तुमच्याशी एकमत.

हब घसरल्याचं लक्षण दिसेपर्यंत न उघडणं सोलापुरात का चालत नाही, तेही सांगतो. इथे पाऊस कमी, हे खरं. पण आपली धूळ काळ्या मातीची, पिठासारखी बारीक. मे महिन्यात ती सीलच्या ओठाला चिकटते, जूनमध्ये पहिल्या सरीत तिचा लेप होतो, आणि वर लोक सायकल वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरचं पाणी थेट हबावर मारून घेतात. सील असं पाणी अडवायला बनवलेलंच नसतं. आत गेलेलं पाणी तेलाला चहाच्या रंगाचं करतं. ते डाव्या बाजूने पाझरताना दिसेपर्यंत कोनावर खड्डे पडलेले असतात. खड्डा पडलेला कोन ग्रीसने बरा होत नाही, बदलावाच लागतो, आणि नेक्ससचा कोन आपल्या गल्लीत मिळत नाही. म्हणून लक्षणाची वाट बघणं महाग, इथे दर वर्षीच उघडा.

पूर्वभाग:
दोघांनीही सुताची तुसं विसरली. यंत्रमागाच्या शेडबाहेर उभ्या असणाऱ्या सायकलींचे हब बघा. तेल पाझरलं की त्यावर तुसं बसतात, त्यावर धूळ, आणि आठ-पंधरा दिवसांत हबाच्या दोन्ही टोकांना नमद्यासारखा थर. तो ओला राहतो आणि सीलला घासत राहतो. तीनगिअर सांगतात तसं महिन्याला तेल घालणार असाल तर दुसऱ्या दिवशी कापडाची पट्टी आऱ्यांमधून घालून हब पुसणंही त्यातच धरा. आणि हबावर फिरणारी ती रंगीत झुपक्यांची रिंग काढून टाका. दिसायला झकास, पण तेल-धूळ धरून ठेवायला तिच्याइतकं चांगलं काही नाही.

एकच_गिअर:
मुळात हे सगळं कशाला, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. सात रस्त्यापासून होटगी रोडला जाताना किंवा अक्कलकोट रोडवर एमआयडीसीत जाताना असा कुठला घाट लागतो? पुढे ४४, मागे १८ अशा साध्या दातांवर अख्खं शहर पिढ्यानपिढ्या फिरलंय. फ्रीव्हील खराब झालं की कोपऱ्यावरच्या दुकानात नवीन. गिअरच हवा तर डिरेलर (चेन एका दातेचाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा) घ्या, चेन आणि सातचं फ्रीव्हील कुठेही मिळतं. बंद हबात काही मोडलं तर सुटा भाग पार्सलने येईपर्यंत सायकल भिंतीला. शिवाय पंक्चरवाला मागचं चाक काढून बसवणार आणि तुमची केबल सेटिंग गेली उडत.

तीनगिअर:
@एकच_गिअर, पंक्चरला चाक काढतंच कोण ओ? आपल्याकडचा कुठलाही पंक्चरवाला चाक जागेवरच ठेवून, टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर ओढतो. चाक काढावं लागतं टायर-ट्यूब बदलताना. तेव्हा लक्षात ठेवायची गोष्ट एकच: आसाला सपाट बाजू असतात आणि त्यावर बसणारे खाचेचे वायसर असतात, ते आस फिरू देत नाहीत. ते विसरले किंवा उलटे बसवले तर जोर आला की आसच फिरतो, मग केबल कितीही जुळवा, दोन दिवसांत बिघडणार. नेक्ससचे वायसर तर डावे-उजवे वेगळे आणि रंगाने ओळखायचे. काढताना ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवायचे, बस.

डिरेलरबद्दल: स्टँडवर चार सायकली एकमेकींवर रेलल्या की सगळ्यात आधी डिरेलरचा कान, म्हणजे तो टांगलेली पट्टी, वाकतो. चेन उघडी, त्यामुळे वरची सगळी धूळ थेट चेनवर. हबाच्या गिअरला पूर्ण चेनकव्हर बसतं. उभं असतानाही गिअर बदलतो, हे सिग्नलला किती सोयीचं ते वेगळं सांगायला नको.

@छर्रा_मोजा, नेक्ससबद्दल तुमचं मान्य, ते भोक नाहीच. पण दर वर्षी? तुम्हीच दोन वर्षं किंवा ५००० किमी म्हणताय. रोज आठ-दहा किमी जाणाऱ्याचे वर्षाचे ३००० च्या आसपास होतात. म्हणजे दर मृगाला हब खोलायची गरज तुमच्याच आकड्यातून निघत नाही. आणि नेक्ससमध्येही आधी केबल: शिफ्टर चारवर, कॅसेट जॉइंटवरच्या दोन पिवळ्या खुणा एका रेषेत. एकदा एकवर नेऊन परत चारवर आणायचं आणि पुन्हा बघायचं. हे दोन मिनिटांचं काम न करता चाक काढणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

छर्रा_मोजा:
कंपनीचा आकडा सर्वसाधारण वापरासाठी आहे, वॉशिंग सेंटर आणि काळ्या चिखलासाठी नाही. त्यामुळे माझं 'दर वर्षी' कायम.

आता तुमच्याच एडब्ल्यूवर येतो. तुमचं २०डब्ल्यू-४० मे महिन्यात ४२-४३ अंशाला पाण्यासारखं होतं. सायकल आडवी पडली किंवा नुसती बाजूच्या स्टँडवर उन्हात उभी राहिली की खालच्या बाजूने गळतं, आऱ्यांवरून रिमवर येतं आणि ब्रेकच्या रबराला लागतं. ओल्या रबराने ब्रेक लागत नाही, हे सांगायला हवं होतं. अर्धा चमचा म्हणजे खरंच अर्धा, आणि उन्हाळ्यात त्याचेही दोन हप्ते करा. ड्रम ब्रेकवाला जोडहब असेल तर आणखी जपून, तेल ब्रेकच्या पट्ट्यांना लागलं की पट्ट्या गेल्या.

काही जण यावर उपाय म्हणून ९० नंबरचं गिअर ऑइल घालतात. गळती कमी, पण खटके आळसावतात. पहिल्यात घसरलं तर डावीकडचे खटके चिकटलेत समजा. दुसऱ्या-तिसऱ्या दोन्हींत घसरलं तर कडीवरचे. फक्त तिसऱ्यात घसरत असेल तर आधी केबल ताणलेली आहे का बघा, कारण तिसरा गिअर ढिल्या केबलचा. केबल ढिली असूनही घसरला तर क्लच झिजला किंवा त्याची स्प्रिंग बसली. हे केबलने सुटत नाही, तिथे उघडावंच लागतं.

उघडताना एक खूण करायची असते, ती कुणी करत नाही. उजवीकडची मोठी बॉल रिंग दोन तोंडांच्या आट्यांवर बसते. ती काढण्याआधी रिंग आणि शेल दोन्हींवर समोरासमोर छिन्नीची बारीक खूण करा. दुसऱ्या तोंडाने बसली तर चाकाचा आउट, म्हणजे रिमचं डोलणं, बदलू शकतो, आणि मग लोक आरे पिळत बसतात. बसवताना उजवा कोन बोटांनी घट्ट, मग पाव ते अर्धा फेरा मागे, आणि लॉक. पुढची सगळी ढिलाई डाव्या कोनाने काढायची. रिमजवळ हाताला जेमतेम जाणवेल इतका खेळ ठेवायचा. तोही नसेल तर कोन आवळलेला आहे.

चेनकव्हर:
वाद चालू द्या, पण एक विचारतो. एडब्ल्यूवर तिसरा गिअर वाऱ्याविरुद्ध ओढतच नाही, पहिलाही जड जातो. पुढे ४४, मागे १८, चाक २८ चं. हबात दोष की माझ्या पायात?

तीनगिअर:
दोन्हीत नाही, दातांत. २८ च्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ४४/१८ ला पायडलच्या एका फेऱ्यात दुसऱ्यात साडेपाच मीटर, पहिल्यात ४.१ आणि तिसऱ्यात ७.३. तिसरा गिअर उताराशिवाय कामाचा नाही. मागे २२ दात्यांचं स्प्रॉकेट टाका: पहिला ३.४, दुसरा ४.५, तिसरा ६. स्प्रॉकेट तीन खाचांवर बसतं, बाहेरची स्प्रिंग रिंग चपट्या पेचकसाने काढायची. ती उडते, वर कापड धरा. स्प्रॉकेट चार दाते मोठं झाल्यामुळे चेनमध्ये दोन कड्या, म्हणजे एक पूर्ण जोड, वाढवावी लागेल. मग चाक मागे ओढून मध्यावर १०-१५ मिमी खेळ ठेवा.

छर्रा_मोजा:
चाक मागे-पुढे केलं की केबलचं माप बदलतं. नट आवळल्यानंतर दुसऱ्यावर टाकून पुन्हा भोकातून बघा. आणि २२ च्या वर जाऊ नका असं नाही, पण पुढच्या-मागच्या दातांचं प्रमाण दोनाच्या खाली नेऊ नका. हबावर जोर वाढतो. ४४/२२ म्हणजे बरोबर सीमेवर आहात. स्प्रॉकेट काढलंच आहे तर धूळझाकणाखाली काय साठलंय तेही बघून घ्या, तीनगिअरना विचारू नका.