खंजिरी भजनाला एन्हान्सर : स्टेज वेगळं, रेकॉर्डिंग वेगळं

दादा, एन्हान्सर, म्हणजे आवाजाला चमक देणारा एक्सायटर, भजनाच्या स्टेजवरही लावावा का, असं तुम्ही विचारलंत. माझं स्पष्ट मत, शक्यतो नको.

एक्सायटर नुसता ट्रेबल वाढवत नाही. आवाजाचा वरचा, म्हणजे बारीक तीक्ष्ण सुरांचा भाग वेगळा काढून त्यातून नवे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले आणखी वरचे सूर) तयार करतो आणि ते मूळ आवाजात थोडे मिसळतो. १९७० च्या दशकात अफेक्स कंपनीचं असं यंत्र आलं, तेव्हा ते स्टुडिओंना तयार गाण्याच्या मिनिटांवर भाड्याने मिळायचं. म्हणजे तेव्हाही वापर मोजूनमापूनच!

आता आपल्याकडचं बघा. खंजिरीच्या चकत्या आधीच झणझणतात. भंडाऱ्याकडे एका मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, मी सगळ्या मिक्सवर (गाणं-वाद्यांच्या एकत्र आवाजावर) एन्हान्सर चढवला होता. ‘श’ आणि ‘स’ सुईसारखे टोचायला लागले, समोरच्या सतरंजीवरच्या बायांनी पदर कानावर घेतला, आणि बुवा माईकजवळ येताच शिट्टी सुरू. वरचे सूर वाढले की फीडबॅकही, म्हणजे स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून होणारी ही शिट्टी, लवकर येतो. यंत्र बंद केलं, स्पीकरचे बॉक्स स्टँडवर माणसांच्या डोक्यांच्या वर चढवले, तेव्हा मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचले. दाटीने बसलेली माणसं वरचे सूर शोषून घेतात, हे लक्षात ठेवा.

रेकॉर्डिंगला मात्र जरूर वापरा, पण फक्त मुख्य गायकाच्या ट्रॅकवर, तोही दबलेला वाटला तरच. आधी पंख्याची घरघर काढा, नाहीतर तीही चमकते. मूळ ट्रॅक जपून ठेवा. आणि दहा मिनिटं बाहेर फिरून येऊन पुन्हा ऐका, कानाला त्या चमकेची फार लवकर सवय होते.