दादाला माझ्या पेशी दिल्या. आता लिव्हरच्या कॅन्सरची गोळी कशासाठी?

निपाणीची_बहीण:
दादाला (वय ३४) एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर होता, त्यातही एफएलटी३ जनुकात दोष असलेला. माझं एचएलए (पेशी जुळतात का बघायच्या खुणा) पूर्ण जुळलं, म्हणून बेंगळुरूत ट्रान्सप्लांट करून माझ्याच मूळ पेशी चढवल्या. आज ११४वा दिवस. मज्जेत आजार दिसत नाही, पेशी शंभर टक्के माझ्या. तरी डॉक्टरांनी सोराफेनिब सुरू केलीय आणि सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) कमी करत आणलंय. इथल्या मेडिकलवाल्यानं डबी बघून "ही तर लिव्हरच्या कॅन्सरची" म्हटल्यापासून आई गोळी द्यायला घाबरते. काका काढा द्या म्हणतात. त्यात परवा हातावर पुरळ आलं. माझ्याच पेशी त्याला छळतायत का? झोप लागत नाही हो.

टिळकवाडीकर:
ताई, गोळी तुमच्या मनानं थांबवू नका. ती लिव्हर-किडनीच्या कॅन्सरला देतात हे खरंच, पण ती एफएलटी३लाही रोखते. जर्मनी आणि चीनमधल्या, २०२० साली छापलेल्या अभ्यासांत ट्रान्सप्लांटनंतर ती घेणाऱ्यांत आजार उलटणं कमी झालेलं दिसलं. सायक्लोस्पोरिन तुमच्या पेशींना आवरून धरतं. ते सैल केलं की त्या उरल्यासुरल्या ल्युकेमियाच्या पेशी शोधून मारतात. पुरळ या गोळीचं असेल किंवा जीव्हीएचडीचं, म्हणजे तुमच्या पेशी त्याच्या अंगावर उलटल्याचं. फोटो आजच डॉक्टरांना पाठवा. काढा अजिबात नको.

खानापूरची_वहिनी:
ताई, माझं ऐका. आमच्या ह्यांचा ट्रान्सप्लांट झाला, भावोजींच्या पेशी. पहिली दोन वर्षं फार जपायची असतात, आजार उलटला तर बहुतेकदा त्यातच. मी चुकले. जूनमध्ये भात रोपं लावायची घाई होती, ह्यांची तब्येतही चांगली, म्हणून एक तपासणी पुढं ढकलली. नंतर गेलो तर भावोजींच्या पेशी शंभरावरून ८८ टक्क्यांवर आलेल्या! मग भावोजींच्याच लिम्फोसाइट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) परत दिल्या, आधी थोड्या, मग वाढवत. तोंड इतकं सोललं की भाकरी दुधात कुस्करूनही जाईना. पण पेशी परत शंभरावर आल्या. आता तिसरं वर्ष आहे. तारीख चुकवू नका. तंबाखूच्या वखारीत, धुळीत पाठवू नका. आणि पपनस देऊ नका, त्यानं सायक्लोस्पोरिन रक्तात वाढतं.

निपाणीची_बहीण:
वहिनी, दारातच पपनसाचं झाड आहे, परवाच दिलं होतं त्याला! डॉक्टरांना फोटो पाठवले, पपनसाचंही सांगितलं. सोमवारी बोलावलंय, तोवर दोन्ही गोळ्या चालू ठेवायला सांगितल्यात. उद्या बेळगावातनं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं निघतोय. आई पण येतेय. तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय. आजची गोळी तिनंच दिली.