मालवणात एकच दिवस: किल्ला की पाणी?
(तटबंदी, डोलकाठी आणि पाणकावळा या टोपणनावांच्या तिघांची चर्चा)

तटबंदी
एका दिवसासाठी येणाऱ्यांना हल्ली सगळे एकच सांगतात: सकाळी स्कूबा, मग जेवण, शेवटी तासाभरात समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला. हे मला साफ चुकीचं वाटतं. बेट ४८ एकरांचं, तट जवळपास तीन किलोमीटरचा. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात. तेवढ्यात शिवराजेश्वर मंदिर (राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं), शिवाजी महाराजांच्या हातापायाचे ठसे आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी उरकतात. तट राहूनच जातो, आणि खरा किल्ला तर तटात आहे. नागमोडी वळणांमुळे भिंतीच्या पायथ्याशी आलेला माणूस कुठल्या ना कुठल्या जंगीच्या (तटातल्या मारा करायच्या भोकाच्या) माऱ्यात सापडतोच. तटाच्या जाडीत शौचकूपही आहेत. होडीत पाय ठेवण्याआधीच तीन तासांनी परतायचं ठरवून घ्या.

डोलकाठी
तीन तास द्या, पण सुरुवात किनाऱ्यावरून करा. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली ती किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याशी. खडकावर कोरलेला गणपती आणि चंद्रसूर्य आजही दिसतात. तो धोंडा आणि राजकोट, पद्मगड हे जवळचे छोटे किल्ले पाहिल्याशिवाय सिंधुदुर्गासाठी कुरटे बेटच का निवडलं ते कळत नाही. आजूबाजूला पाण्याखाली खडक, वाट माहीत नसलेलं जहाज आत शिरणार कसं?

पद्मगडाला दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीत चालत जाता येतं. वेळ काढायची जुनी रीत सोपी: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, सकाळी साडेआठच्या सुमारास ओहोटी. तासभर आधी निघा.

पाणकावळा
दोघेही पाण्याकडे पाठ करून बसलात! इथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. प्रवाळही मालवणचा वारसाच. सकाळी वारा पडलेला असताना पाणी नितळ असतं, दुपारी वारा सुटला की गाळ ढवळतो. म्हणून पाणी आधी, किल्ला नंतर. हा क्रम उलटा करून चालत नाही.

एकच विनंती. खडकासारखा दिसला तरी प्रवाळ जिवंत असतो. त्यावर उभं राहू नका, त्यावर नांगर टाकणाऱ्या होडीत बसू नका.

तटबंदी
सकाळच्या पाण्याचं मान्य. पण दुपारच्या उन्हात तापलेल्या तटावरून कोण चालणार? एका दिवसात दोन्ही कोंबलं की बळी किल्ल्याचाच जातो. प्रवाळ बघायचा तर मुक्काम करा.

आणि डोलकाठी, पद्मगडाची वाट सांगताना परतीचं अर्धवट ठेवू नका. भरतीचं निम्मं पाणी तिसऱ्या-चौथ्या तासात चढतं. पहिल्या तासात फारसा फरक दिसत नाही, म्हणूनच माणसं गाफील राहतात. ओहोटी पूर्ण झाली की लगेच मागे फिरायचं.

डोलकाठी
बरोबर, ते लिहायला हवं होतं. अष्टमीच्या आसपास तर जाऊच नये, तेव्हा भांगाचं पाणी असतं (भरती-ओहोटीतला फरक कमी), ते पुरेसं ओसरत नाही. शेवाळी खडकावर साध्या चपला घसरतात, मागे पट्टा असलेल्या घाला. किल्ल्याआधी किनारा, हे मात्र मी सोडणार नाही. जून ते ऑगस्ट होड्या बंद असतात, तेव्हा सिंधुदुर्ग पाहायला किनाराच उरतो.

पाणकावळा
पावसाळ्यात किनारा, कबूल. डिसेंबरात सकाळचं नितळ पाणी सोडून राजकोटावर उभं राहा, हे नाही पटत.