मदत हवी आहे: जुना तीन सिलिंडर ट्रॅक्टर, एक सिलिंडर मारत नाही

भातखाचर
ट्रॅक्टर मुरबाडला गावी, मी ठाण्यात. डिझेल, तीन सिलिंडर, इनलाइन पंप. सकाळी स्टार्ट केला की पांढरा धूर आणि डोळ्यांत झोंबणारा वास. आयडलला इंजिन लंगडतं, हलतं. तापल्यावर थोडं सुधारतं, पण ट्रॉली भरली की उचलत नाही. दोन्ही फिल्टर नवीन टाकले, एअर काढली. मिस्त्री म्हणतो इंजिन खोला. आवण (भाताची रोपं) तयार होतंय, चिखलणीच्या तोंडावर इंजिन खोलणं परवडणार नाही. आधी काय तपासू?

नोझलवाला
खोलू नका इतक्यात. लंगडणं नेहमी एकाच सिलिंडरचं आहे की फिरतं, हे आधी ठरवा. हवा, पाणी किंवा तुंबलेला फिल्टर असेल तर कधी हा सिलिंडर सुटतो, कधी तो. कायम एकच सुटत असेल तर दोष त्याच्या नोझलमध्ये (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), हायप्रेशर पाईपात, पंपाच्या त्या एलिमेंटमध्ये (त्या सिलिंडरला डिझेल ढकलणारा भाग) किंवा व्हॉल्व्ह-कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं).

इंजिन आयडलला ठेवून नोझलवरचा पाईपाचा नट अर्धा-पाऊण आटा सैल करा, आवाज ऐका, परत घट्ट करा, मग पुढचा. चांगला सिलिंडर असा तोडला की इंजिन लगेच बसतं, म्हणजे त्याचा वेग पडतो. ज्याचा नट सैल करूनही फरक पडत नाही, तो आधीच बंद आहे. चष्मा घाला, नटावर जाड फडकं टाका, हात लांब ठेवा. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट हॉस्पिटल, घरगुती उपचार नाही.

भातखाचर
केलं. १ आणि २ ला इंजिन बसतं, ३ ला काहीच नाही. ३ च्या नटातून डिझेल मात्र झटक्या-झटक्याने येतंय.

नोझलवाला
म्हणजे पंप डिझेल पाठवतोय. पुरेसं की कमी, ते यावरून कळत नाही. आता ३ चं नोझल २ ला आणि २ चं ३ ला लावा. फुकटात होणारी यापेक्षा चांगली तपासणी नाही.

आधी आजूबाजूची माती ब्रशने साफ करा, सुटलेल्या पाईपांची तोंडं बंद करा. जुना तांब्याचा वॉशर हेडमध्येच चिकटून राहतो, तो काढलाच पाहिजे. त्यावर नवीन बसवला तर नोझल वर उचललं जातं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. वॉशर नवीन घ्या. नोझल धरून ठेवणारे दोन्ही नट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा, एका बाजूने ओढलं की गॅस लीक होतो.

टॅपेट
नोझल निघालंच आहे तर टॅपेटचा गॅपही (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) बघा. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या, इंजिन थंड की गरम तेही तिथेच असतं. गॅप संपला असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. थंडीत पांढरा धूर आणि तापल्यावर सुधारणा, हे कमी कॉम्प्रेशनचंही लक्षण आहे.

दोष ३ लाच राहिला तर कॉम्प्रेशन मोजा, पण डिझेलच्या गेजने. पेट्रोलचं गेज इतका दाब मोजायला बनवलेलं नसतं. इंजिन बंद करायचा नॉब ओढूनच स्टार्टर मारायचा. एकट्या आकड्यापेक्षा तिन्हींतला फरक बघा. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलेलं.

भातखाचर
टॅपेट ठीक आहेत. नोझल बदलल्यावर दोष २ वर गेला!

नोझलवाला
मग नोझलच. मिस्त्रींना इंजिनाला हात लावू देऊ नका. तिन्ही नोझल पंपवाल्याकडे टेस्टिंगला द्या. एकच नवीन टाकून दोन जुनी ठेवली तर तिघांचं काम सारखं राहत नाही. पॉप प्रेशर (ज्या दाबाला नोझल उघडतं) कंपनीच्या आकड्यावर सेट करून घ्या आणि स्वतः तिथे हजर राहून फवारा बघा: बारीक धुकं हवं. टोकाला थेंब लोंबला की नोझल बाद.

कारणही शोधा. पावसाळ्यात उघड्या ड्रममधून डिझेल भरत असाल तर पाणी तिथूनच येतं. टाकीखालच्या वाटीत साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा सोडा, रात्री टाकी भरून ठेवा.

आणि ऑइलची काडी बघा. न जळलेलं डिझेल लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून) खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी वर गेली असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर चिखलणीआधी ऑइल आणि त्याचा फिल्टर दोन्ही बदला. पातळ ऑइलवर बेअरिंगं गेली तर मात्र इंजिन खरंच खोलावं लागेल.