मदत हवी आहे: देणं साडेनऊ लाख, घरात येतात तेहतीस हजार. आधी कुणाचं फेडू?

उलटी वही:

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले. आज पहिल्यांदा लिहितेय, तेही नवा आयडी काढून, कारण नात्यातले दोघे-तिघे इथे असतात.

आम्ही इचलकरंजीचे. मिस्टरांचे आठ साधे माग होते, खर्चीवाले होतो. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, आपण विणून द्यायचं आणि पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, मजुरी घ्यायची. कामगार, मेस्त्री, लाईट बिल सगळं त्या मजुरीतून. मजुरी हलायला तयार नाही आणि बिल थांबायला तयार नाही, असं करत मागच्या वर्षी दिवाळीनंतर माग बंद केले. आता हे दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर म्हणून, माग दुरुस्त करायला, जातात, महिन्याचे बावीस हजार पडतात. मी शिलाई युनिटमध्ये, अकरा हजार. मुलगा बारावीला, मुलगी आठवीत, सासूबाई आमच्याजवळ. घर सासूबाईंच्या नावावर आहे.

कर्ज आहे हे माहीत होतं. किती, हे गेल्या महिन्यात कळलं. माळ्यावरची रिकाम्या कोनांची पोती भंगारात द्यायला काढली, तर एका पोत्यात लाल पुठ्ठ्याची वही. पुढून बिमांचा, म्हणजे ताण्याच्या सुताच्या रुळांचा, हिशेब, आणि वही उलटी करून मागून देणी. अक्षर यांचंच. काही आकडे इतके दाबून लिहिलेत की बोट फिरवलं तर पुढच्या पानावरसुद्धा लागतात.

वहीत आहे ते असं. पतसंस्थेचं मागांवरचं कर्ज, बाकी ४,१०,०००, व्याज १४ टक्के, हप्ता ११,२००. तीन हप्ते थकलेत आणि जामीनदार आहेत चुलत दीर आणि शेजारचे काका. बँकेत माझं सोनं तारण, १,६०,०००, साडेनऊ टक्के. यंदाचं व्याज भरायचंय. क्रेडिट कार्ड ९२,०००, त्याचे दरमहा कमीत कमी भरायचे ते ४,६०० आम्ही इमानेइतबारे भरतोय. मोबाईलवरच्या दोन अ‍ॅपचे मिळून ४३,०००, हप्ते सहा हजारांचे. माझ्या नावावर महिला गटाचं कर्ज, ३८,००० बाकी, हप्ता २,६५०. माझ्या भावाचे हातउसने ६०,०००, तो मागत नाही.

आणि एक सावकार. दीड लाख, शेकडा पाचने. वर्षाला पाच नव्हे, महिन्याला. म्हणजे दर महिन्याला साडेसात हजार, बावीस महिने झाले, मुद्दल जिथल्या तिथे. त्याच्याकडे सहीचे तीन कोरे चेक आहेत आणि शंभराच्या स्टँपवर कोऱ्या जागेखाली सही.

सगळे हप्ते भरायचे म्हटले तर ३१,९५० जातात. घरात १,०५० उरतात. म्हणून तर अ‍ॅप आली ना. किराणा अ‍ॅपमधून, अ‍ॅपचा हप्ता कार्डातून. पतसंस्थेचा हप्ता चुकवून सावकाराचं व्याज, कारण सावकार दारात येतो आणि पतसंस्था पत्र पाठवते.

परवा अ‍ॅपवाल्याने आमच्या युनिटच्या सुपरवायझरला फोन केला. मशीनवर बसलेली असताना ते येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, तुमचा कुणीतरी नंबर देऊन ठेवलाय का?" त्या दिवशी मी एका कॉलरला दोनदा उलटी शिलाई मारली.

आता प्रश्न. एक एजंट आलाय. म्हणतो घर तारण ठेवा, दहा लाख एकदम काढून देतो, सगळी देणी मिटवा, मग एकच हप्ता, पंधरा हजारांचा, बारा वर्षं. फाईलचे तीस हजार आधी द्यायचे. यांना ते पटलंय. सासूबाईंना अजून यातलं काहीच माहीत नाही. मी विरोध केला तर परवा रात्री म्हणाले, "मी नसलो तर विम्याचे तरी येतील." मग हसले. मला नाही हसायला आलं.

घर तारण ठेवावं का? नाही तर सुरुवात कुठून करू?

मिरजेची मावशी:

आकड्यांचं पुढचे लोक सांगतील. मी शेवटच्या वाक्याबद्दल लिहिते. ते हसले म्हणून सोडून देऊ नका. आज रात्रीच, मुलं झोपल्यावर, सरळ विचारा: जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बोलायला वाट मिळते. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. तुम्हीही करू शकता, त्यांनीच करायला हवा असं नाही. आणि काही दिवस त्यांना एकटं मागांच्या शेडवर जाऊ देऊ नका. आमच्याकडे एकदा उशीर झालाय, म्हणून एवढं लिहिलं.

निवृत्त शाखाधिकारी:

ताई, वही सापडली हे उत्तम झालं. आकडे कागदावर नसलेली घरंच जास्त बुडतात.

एजंटला आजच नको म्हणून कळवा. कर्ज मिळण्याआधी रोख 'फाईल चार्ज' मागणारा माणूस बहुतेक वेळा तेवढेच घेऊन जातो. समजा तो खरा निघाला, तरी पंधरा हजार गुणिले १४४ महिने म्हणजे २१,६०,०००. शिवाय कार्डवाला आज तुमच्या घराला हात लावू शकत नाही, घर सासूबाईंचं आहे आणि त्यांनी कुठे सही केलेली नाही. ती सही झाली की तुमची चटणी-मिठाची देणीसुद्धा घरावर चढली.

आता कार्ड. ९२,००० वर महिन्याला साडेतीन टक्के धरले तर व्याज ३,२२०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५८०. झाले ३,८००. तुम्ही भरता ४,६००. म्हणजे इमानेइतबारे भरून मुद्दल कमी होतं आठशे रुपयांनी. आणि मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज त्याच दिवसापासून. कार्ड कात्रीने कापा. किराणा रोखीने.

मला विचाराल तर तुमच्या घरातली सगळ्यात चुकीच्या जागी पडलेली वस्तू म्हणजे ते सोनं. किती तोळे आहे आणि कधी ठेवलं?

उलटी वही:

मावशी, विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, विचार येतो, पण मुलीचं तोंड दिसतं. १४४१६ ला मीच लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. वीस मिनिटं बोलले. काय बोलले ते विचारलं नाही.

साहेब, सोनं साडेतीन तोळे, पाटल्या आणि गंठण. २०२३ च्या दिवाळीत ठेवलं. पाटल्या माझ्या आईच्या आहेत.

निवृत्त शाखाधिकारी:

तेव्हा दहा ग्रॅमचा भाव साठ हजारांच्या आसपास होता, आज लाखाच्या बराच वर आहे. कर्ज मात्र जुन्याच भावावरचं. ते सोडवून मोडलंत तर बँकेचं व्याजासकट पावणेदोन लाख वजा जाऊन तितकेच, कदाचित थोडे जास्त, हातात येतील. सोडवायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. सराफाशी आधी बोललं तर त्याचा माणूस बँकेत येऊन भरतो आणि दागिना तिथून थेट दुकानात जातो. दोन-तीन सराफांकडे घट किती धरतात ते विचारा, फरक पडतो.

आईच्या पाटल्या आहेत हे वाचलं. तरीही सांगतो.

दुपारचा चहा:

सोनं मोडून सावकाराला देणार? एक रुपया देऊ नका. त्याला परवाना आहे का ते बघा आणि नसेल तर सरळ तक्रार ठोका. असल्या लोकांना पैसे देऊनच माजवलंय आपण.

वकीलवाडा:

'ठोका' म्हणणं सोपं असतं, त्या गल्लीत राहायचं ताईंना आहे. पण कायदा त्यांच्या बाजूने आहे, तो नीट माहीत हवा.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला तरी शेतकरी नसलेल्यांना विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तुमचं मुद्दल दीड लाख, व्याज म्हणून दिलेत १,६५,०००. ती मर्यादा कधीच ओलांडली. १८ टक्क्यांनी हिशेब केला तर बावीस महिन्यांचं व्याज होतं ४९,५००. वरचे १,१५,५०० मुद्दलात धरले तर बाकी राहतात फक्त ३४,५००. हा हिशेब एका कागदावर स्वच्छ लिहून काढा.

तक्रार सहकार खात्याकडे: तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक. पैसे दिल्याचा पुरावा काय आहे? फोनवरून पाठवले असतील तर बँकेचं स्टेटमेंट आजच काढा. चेक बाऊन्स करून नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका, पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, कोर्टातच त्यांचं ऑफिस असतं.

अ‍ॅपचं: कर्ज देणारी कंपनी कोणती ते करारात असतं, ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का बघा. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही, सुपरवायझरला तर नाहीच. कंपनीला लेखी तक्रार करा, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी नसते.

कॉटन मार्केट:

मी पण खर्चीवालाच होतो, सहा माग. वहिनी, एक गोष्ट कुणी बोललं नाही. बंद मागांचं लाईट बिल येतंय ना अजून? स्थिर आकार. कनेक्शन कायमचं बंद करायचा अर्ज द्या आधी. आणि माग विका. आता 'परत सुरू करू' म्हणून ठेवले असतील, मीही दोन वर्षं ठेवले, गंजून आणखी उतरले. पण ते पतसंस्थेला तारण आहेत, परस्पर भंगारवाल्याला दिले तर फौजदारी होऊ शकते. आधी अध्यक्षांना भेटा, लेखी परवानगी घ्या, पैसे सरळ कर्जखात्यात. जामीनदारांना पत्र जायच्या आत जा. १०१ चा दाखला, म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला, निघाला की शेजारच्या काकांच्या मागे वसुली लागते, आणि मग तोंड दाखवायची पंचाईत.

माग उचलून नेतील त्या दिवशी दादांना शेडवर थांबवू नका. मी थांबलो होतो.

उलटी वही:

दीड महिन्याने लिहितेय. मध्ये वेळच मिळाला नाही.

सासूबाईंना सांगितलं. मी घाबरत होते ते होणं राहिलं बाजूला, त्या म्हणाल्या, "घरावर सही मागायला आला असतास तर दिली असती रे मी." यांना त्याचंच जास्त लागलं.

सोनं मोडलं. घट धरून ३,७०,००० आले, बँकेचे जाऊन १,९५,००० हातात. त्यातून कार्ड पूर्ण भरलं आणि बंद केलं. तिथला मुलगा फोनवर सेटलमेंट करा, कमी भरा म्हणत होता, पण साहेबांनी खासगी निरोपात सांगितलं होतं की तसं केलं तर सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा राहतो, म्हणून सगळे भरले. दोन्ही अ‍ॅप मिटवली, पैसे कंपनीच्याच खात्यात टाकले, बाकी नसल्याचं पत्र आलं. मुलीने ती फोनमधून काढून टाकली. अशी कामं तिला भारी आवडतात.

माग विकायला पतसंस्थेने तोंडी हो म्हटलंय, लेखी पुढच्या बैठकीनंतर. भंगाराच्या भावाने एकेकाचे पंचवीस हजार सांगितलेत. तेवढे आले तर बाकी दोन लाख दहा हजारांवर येईल आणि हप्ता कमी करून देऊ म्हणालेत. बघू.

सावकाराकडे वकीलबाईंना घेऊन गेलो. तो हिशेबाचा कागद त्याच्यासमोर ठेवला, सोबत फोनवरून दिलेल्या चौदा हप्त्यांचं स्टेटमेंट. आधी आवाज चढवला. वकीलबाईंनी निबंधकांच्या नावाने लिहिलेला अर्ज पिशवीतून काढून फक्त टेबलावर ठेवला. पन्नास हजारांवर मिटलं. 'दुपारचा चहा' यांना आवडणार नाही, माहीत आहे, पण यांना रोज त्याच रस्त्याने कामावर जायचंय. स्टँप परत दिला, तो मी तिथेच फाडणार होते, वकीलबाईंनी हात धरला. चेक दोनच दिले. तिसरा सापडत नाही म्हणतो.

महिन्याचे हप्ते आता १३,८५० वर आलेत. पण त्या तिसऱ्या चेकचं काय करू?

वकीलवाडा:

पन्नास हजार दिल्याची पावती घेतलीत का? त्यावर 'पूर्ण व्यवहार मिटला, तिसरा चेक गहाळ, मिळाल्यास वापरणार नाही' असं त्याच्या सहीने हवं. नसेल तर वकीलबाईंकडून याच आठवड्यात तसं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा. चेकबुकच्या अधकट्टीवर नंबर असेल, तो देऊन बँकेत पेमेंट थांबवायचा अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसत्या त्या अर्जाने खटला टळतो असं नाही, पण सगळे कागद एकत्र असले तर तुमची बाजू भक्कम राहते. स्टँप फाडला नाहीत ते बरं केलंत, तोही त्याच फायलीत.

उलटी वही:

पावती आहे, पण त्यावर चेकचं काही लिहिलेलं नाही. अधकट्टी बघितली, नंबर यांच्याच अक्षरात आहे. उद्या अर्धी सुट्टी टाकून बँकेत जाते.